लांब पल्ल्याचा

लहान गावात माणूस पळताना दिसला, की त्याच्या मागे कोण लागलंय हे आधी बघतात. मागे कुणी नसेल तर पुढे बस उभी आहे का ते बघतात. मागेही कुणी नाही, पुढेही काही नाही आणि तरी माणूस पळतोय, म्हणजे मग एकच शक्यता उरते : सरकारी नोकरी.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैला जाताना साधारण निम्म्या वाटेवर आमचं ओरत्तनाडु लागतं. इथल्या बसस्टँडजवळ पहाटे साडेचारला चहाचा बॉयलर पेटतो, ‘दिनतंदी’ पेपरचा गठ्ठा सुटतो आणि त्याच सुमाराला रस्त्यानं हाफ पँटमधलं एक हडकुळं पोर जातं. चहा मास्टर एका हातातला ग्लास आकाशात आणि दुसऱ्या हातातला कमरेशी धरून चहा वरखाली करत असतो. त्यात खंड न पाडता तो विचारतो, “काय तंबी, पोलीसा? आर्मीया?”

पोर हात हलवतं आणि पुढे जातं. रोज.

चहा मास्टरचं काही चुकत नाही. तामिळनाडूच्या पोलीसभरतीत १५०० मीटर सात मिनिटांत धावावे लागतात. सैन्यभरतीला १.६ किलोमीटर. गावाचं गणित त्यामुळे सरळ आहे : दोन किलोमीटरच्या आत जे काय पळायचं ते पळा, नोकरी लागली की थांबा आणि पोट सुटू द्या. हे पोर मात्र पंधरा-पंधरा किलोमीटर पळतं. म्हणजे एकदम दहा नोकऱ्या हव्यात की काय, हे मास्टरला अजून उलगडलेलं नाही.

असं एक पोर आता प्रत्येक तालुक्याच्या गावात निघतं. आमच्या वाट्याला आलेलं आमच्यातलंच आहे, म्हणजे तंजावरी मराठी. एकोजीराजांची गादी तंजावरला आली तेव्हा त्यांच्या मागोमाग, आणि नंतरही बऱ्याच लाटांनी, पंत आले, पुराणिक आले, शिलेदार आले, शिंपी आले. १८५५ साली राज्य खालसा झालं. पंतांचे पोरगे पुढे बँकेत गेले, शिलेदारांचं काय झालं ते शिलेदारांना ठाऊक. शिंपी मात्र होते तिथेच राहिले, कारण राज्य कुणाचंही असो, पोंगलला ब्लाउज लागतोच. पोराचा बाप टेलर. घरी मराठी बोलतात. पुण्याच्या माणसाला त्यातलं निम्मं कळेल आणि उरलेल्या निम्म्यावर तो व्याकरण काढील. गाव पोराला ‘टेलर पय्यन’ म्हणतं. त्याला नाव आहे, पण ते फक्त हॉल तिकिटावर.

तर हा टेलर पय्यन मुळात धावायला लागला तो ओडीसाठी.

तामिळनाडूच्या कॉलेजात शिकलेल्याला ओडी काय ते सांगावं लागत नाही. ऑन ड्यूटी. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आणि कॉलेजच्या वतीनं मैदानावर गेलेला मुलगा वर्गातच होता असं कागदोपत्री धरतात. आमची पोरं रोज बसनं तंजावरला जातात. तिथे १९५५ पासून राजा सरफोजींच्या नावाचं सरकारी कॉलेज आहे. ज्या राजानं सरस्वती महालात जगभरचे ग्रंथ गोळा केले, त्याच्या गावी वर्ग चुकवायच्या वाटा शोधणं बरं दिसत नाही. पण दुपारी दोनचा अकाउंटन्सीचा तास फार लांब असतो. पोर पीडी सरांकडे गेलं. पीडी म्हणजे फिजिकल डायरेक्टर. त्यांच्या यादीत १०० मीटरला अकरा नावं होती, लांब उडीला सात.

“५००० ला कुणी नाही. घालू नाव?”

“किती फेऱ्या सर?”

“साडेबारा.”

“अर्धी कशाला?”

पीडी सरांनी आजवर पुष्कळ मुलं पाहिली होती, पण बारा फेऱ्यांची तक्रार न करता अर्ध्या फेरीचा हिशेब मागणारं हे पहिलंच. त्यांनी नाव लिहून टाकलं.

पहिल्या स्पर्धेत पोर शेवटचं आलं. इतकं शेवटचं की पंचांनी पुढच्या शर्यतीचे हर्डल्स मांडायला घेतले होते. पण ओडी मिळाली, उकडलेली दोन अंडी मिळाली, एक केळं मिळालं. पोर खूश. धावणं हा त्याला त्या घटकेपर्यंत चांगला सौदा वाटत होता.

बिघडलं ते नंतर. नेमकं कधी, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. पहिलं लक्षण असं की ते गजर व्हायच्या आधी उठायला लागलं. दुसरं असं की दिवाळीच्या सुट्टीतही पळालं. सुट्टीत ओडी नसते, अंडी नसतात, म्हणजे हा शुद्ध तोट्यातला व्यवहार. तिसरं लक्षण बापाला सापडलं. टेलर माणूस, पोराकडे बघतो तेच टेप लावून. “कंबर ३० होती. २८ झाली,” त्यानं बायकोला सांगितलं, “डॉक्टरला दाखवू या.” डॉक्टरनं छातीला नळी लावली, नाडी मोजली, परत मोजली आणि विचारलं, “हा झोपलाय का?” मिनिटाला पन्नासच्या आत ठोके. पोराच्या चेहऱ्यावर पदवी मिळाल्याचं समाधान पसरलं.

आजीचा आक्षेप कंबरेचा नव्हता. शिंप्याचं घर, नामदेवाची भक्ती; पंढरपूर तिनं एकदाच पाहिलं, पण वारीचा रस्ता तिला तोंडपाठ.

“आपली माणसं आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. तिथं विठोबा आहे. तू कुठं जातोस?”

“कालव्याच्या पुलापर्यंत.”

“तिथं काय आहे?”

“काही नाही. तिथून परत फिरतो.”

इतकं निष्फळ तीर्थाटन आजीनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

खरं म्हणजे पायी मजल मारणारा माणूस ओरत्तनाडूला नवा नाही. १८०० च्या सुमारास दुसऱ्या सरफोजी महाराजांनी त्यांच्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावानं इथे छत्र बांधलं. रामेश्वरच्या वाटेवरच्या अशा छत्रांत वाटसरूला जेवण मिळे, आजाऱ्याला औषध, पोरांना चार अक्षरं. काशीहून निघालेला आणि सेतूपर्यंत पोचायचंच म्हणून पाय ओढत आलेला माणूस तंजावरच्या मुलखानं पिढ्यान् पिढ्या पाहिला आणि त्याला पान वाढलं. त्याला कुणी ‘पोलीसा, आर्मीया’ विचारलं नसणार. त्याच्या खांद्यावर गंगेची कावड असे. बघणाऱ्याला कारण दिसत असे. आमच्या पोराच्या दंडाला नुसता फोन बांधलेला असतो. मुक्तांबाळ छत्राच्या पायरीवर टाच टेकवून ते पोटऱ्या ताणतं, तेव्हा शेजारून जाणारी म्हातारी माणसं अजूनही क्षणभर थांबतात. त्यांना वाटतं, पोराला दम लागलाय, कुणीतरी भात वाढा.

रस्ता पोरानं स्वतः आखलाय आणि त्याला त्याचा अभिमान आहे. बसस्टँड, बाजारपेठ, मग डावीकडे कल्लणै कालव्याचा काठ. १२ जूनला मेट्टूरचं धरण उघडण्याचा रिवाज आहे. पाणी आमच्याकडे पोचलं की काठावर गारवा असतो, कुरुवै भाताची रोपं हलतात आणि पोराचा वेग किलोमीटरमागे दहा सेकंदांनी सुधारतो. एप्रिल-मेमध्ये कालवा कोरडा आणि सूर्य सहालाच डोक्यावर. त्या दिवसांत ते साडेतीनला निघतं. साडेतीनला रस्त्यावर फक्त दोन जमाती असतात, नारळाचे ट्रक आणि कुत्री. ट्रकवाले हॉर्न देतात. कुत्र्यांशी पोराचा रीतसर करार आहे : राइस मिलचं कुत्रं शंभर मीटर पाठलाग करतं, पेट्रोल पंपाचं दोनशे, आणि तेवढ्या अंतराला पोर आपल्या वहीत ‘स्पीड वर्क’ असं लिहितं.

सगळ्यांत कठीण महिना मार्गळी. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत गावातल्या यच्चयावत बायका पहाटे चारला अंगणाबाहेर सडा टाकून कोलम घालतात, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. देवळाच्या लाउडस्पीकरवर तिरुप्पावै सुरू असते. कोलम अंगणापुरता राहत नाही, शेजारणीपेक्षा मोठा काढायचा म्हणून अर्ध्या रस्त्यापर्यंत येतो. अशा वेळी पोराला गल्लीतून धावत नेणं म्हणजे ३००० मीटर स्टीपलचेस. त्यात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात. आमच्या गल्लीत अडथळे तितकेच, पाणी सड्याचं, आणि पाय चुकला तर पंच झेंडा दाखवत नाहीत, खराटा दाखवतात. एकदा एका मावशींच्या कमळावर त्याचा बूट उमटला. त्या दुपारी मावशी टेलरच्या दुकानात ब्लाउज परत घेऊन आल्या. बाही घट्ट आहे म्हणाल्या. बाही बरोबर होती.

स्टीपलचेसमुळे घरात एक नवा नातेवाईकही आला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केन्याच्या धावपटूंची मक्तेदारी मोडून रौप्यपदक काढलं, ८ मिनिटं ११.२० सेकंद. बापाला आधी हे काही ठाऊक नव्हतं. पण साबळे मराठी आहे असं कळल्यावर तो दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, “आमच्यातलाच. तिकडं बीडला असतो.” पोराचा स्वतःचा देव मात्र जवळचा आहे, शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातला जी. लक्ष्मणन. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत त्यानं ५००० आणि १०,००० दोन्ही सुवर्णपदकं घेतली. पुढच्या वर्षी जकार्ताला १०,००० मध्ये तिसरा आला आणि धावताना पाय ट्रॅकच्या आतल्या कडेबाहेर पडला म्हणून पदक गेलं. पोर हे सांगताना आवाज खाली आणतं आणि मग आठवडाभर रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीला चिकटून धावतं. ट्रकवाल्यांना हे दुःख माहीत नसल्यामुळे ते शिव्या देतात.

बोलण्याचंही असंच झालं. पूर्वी पोराला क्रिकेटवर मत होतं, सिनेमावर मत होतं, तलैवर आणि तळपती या दोन हिरोंवर तर भांडणाइतकं मत होतं. आता त्याच्याशी कुठल्याही विषयावर बोला, तिसऱ्या वाक्याला पेस येते. “कसा आहेस?” “बरा आहे, पण टेम्पो जरा जड गेला.” आईला बरेच दिवस वाटत होतं की हा पहाटे कुणाचा टेम्पो ढकलायला जातो. फोनमधल्या अ‍ॅपवर धाव नोंदली गेली नाही, तर ती झालीच नाही असं त्याचं शास्त्र आहे. घरापाशी पोचल्यावर आकडा ९.९४ दिसला, तर उरलेले साठ मीटर भरायला ते बसस्टँडला गरागरा फेऱ्या घालतं. कंडक्टर दारात लटकून ओरडतो, “तंजावूर, तंजावूर! चढतोस का नाही?” आकडा दहा झाला की पोर कंबरेवर हात ठेवून उभं राहतं आणि बस जाते.

खाण्यात आजीचा आणि पोराचा समझोता झालाय. पोर सांगतं कार्बोहायड्रेट, आजी वाढते भात. पोर म्हणतं प्रोटीन, आजी म्हणते रसवांग्यात डाळ आहे. रात्री भिजवलेले हरभरे आणि सकाळी पळैय सोरु, म्हणजे रात्रभर पाण्यात राहिलेला भात, ताक आणि छोटे कांदे. पीडी सरांनी दिलेल्या आहाराच्या कागदावर ओट्स होते. आजीनं एकदा करून पाहिले, चाखले आणि गाईला घातले. गाईनं खाल्ले, याचा अर्थ आजीनं आपल्या बाजूनं लावला.

या सगळ्यात बाप मैदानावर एकदाच गेला. त्याची हकिगत बाजारपेठेत अजून चालते.

तंजावरच्या अन्नै सत्या स्टेडियममध्ये पोराची पहिली १०,००० मीटर होती. बापानं आदल्या रात्री पोराचा चेस्ट नंबर पाहिला; चार सेफ्टी पिना आणि एक कापड. टेलरच्या पोराच्या छातीवर पिना? त्यानं नंबर बनियनवर मशीननं शिवून दिला, चारी कडा, दुहेरी टाका. शर्यतीनंतर नंबर परत द्यायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीन पंच ब्लेड घेऊन तो उसवत होते, पण ते पुढचं.

बाप पोचला तेव्हा शर्यत सुरू होऊन सातेक मिनिटं झाली होती. तो कठड्याला टेकून उभा राहिला आणि त्याला दिसलं ते असं : सगळ्यांच्या पुढे त्याचा पोरगा. त्याच्या मागे दहा-बारा पावलांवर बाकीचा घोळका, जीव तोडून पळणारा, आणि तरी त्याला गाठू न शकणारा. बापाचे डोळे भरले. त्यानं शेजारच्या माणसाला सांगितलं, शेजाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. २५ फेऱ्यांच्या शर्यतीत जो एक अख्खी फेरी मागे पडत आलेला असतो, तो बघणाऱ्याला पहिल्या नंबरचाच दिसतो, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड मिनिटानं घोळका पोराला ओलांडून गेला. “दमला,” बाप म्हणाला, “पण बराच वेळ होता पुढं.” तो ब्लाउज द्यायचे होते म्हणून तेवढ्यावरच बस धरून परत आला, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारपेठेला कळलं, टेलर पय्यन निम्म्या शर्यतीपर्यंत पहिला होता.

पोरानं काही सांगितलं नाही. पुढचं वर्षभर मात्र ते कुणाशी न बोलता धावलं. पाऊस, मार्गळी, परीक्षा, काही बघितलं नाही. अलाइड मॅथ्सचा पेपर अरियरला गेला, म्हणजे परत द्यायचा राहिला. अरियर काढायला अभ्यास लागतो, अभ्यासाला झोप लागते आणि झोपेची वेळ तर आधीच कालव्याच्या काठावर खर्च झालेली. दुसऱ्या वर्षी त्याच शर्यतीत पोर खरोखर तिसरं आलं. पदक, प्रमाणपत्र, पीडी सरांची मिठी. घरी आल्यावर बापानं पदक हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “ठीक आहे. गेल्या वर्षी पहिला होतास.”

तिसरं वर्ष संपलं, अरियर निघाला, ओडी संपली, अंडी संपली. आता पळायला काही कारणच उरलं नाही, असं गाव म्हणत होतं, तेवढ्यात पोलीसभरती निघाली. चहा मास्टरचा चेहरा उजळला. तीन वर्षं तो काय सांगत होता? सात मिनिटांत १५०० मीटर! हे पोर तेवढ्या वेळात १५०० मीटर धावून, परत येऊन, चहा पिऊन गेलं असतं. भरतीच्या दिवशी अर्धी बाजारपेठ त्याला बसला बसवायला आली.

पण तिथे धावण्याआधी टेप असते. छाती ८१ सेंटिमीटर हवी, श्वास भरून निदान पाच तरी वाढायला हवी. पोराची भरली ७९. श्वास भर म्हटल्यावर ती सरसरून सहा सेंटिमीटर वाढली, मोजणाऱ्या हवालदारानं मान डोलावून दाद दिली, आणि पुढच्याला बोलावलं. धावायची पाळीच आली नाही. ज्या मैदानावर त्या दिवशी शेकडो पोरं सात मिनिटांच्या आत पोचायला धापा टाकत होती, त्याच्या कडेनं हे पोर बूट हातात धरून बाहेर आलं.

बापाला हे फार लागलं. कोटात कॅनव्हास घालून कुणाचीही छाती दोन इंच वाढवून देणारा माणूस तो. पण पोलीस मोजतात ते शर्ट काढून. त्या रात्री दुकानात बैठक बसली. बाप, चहा मास्टर, राइस मिलचे मालक, कोलमवाल्या मावशींचे यजमान. सर्वानुमते ठरलं : पुढच्या भरतीपर्यंत पोरानं धावणं बंद करावं, दोन्ही वेळा भात खावा, दुपारी झोपावं. छाती आपोआप भरेल. नोकरीच्या आड काय येतंय, तर हे पळणं, हे गावाला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं. पोरानं सगळं ऐकून घेतलं, मोठ्या माणसांसमोर मान हलवली.

पहाटे साडेचारला बॉयलर पेटला, गठ्ठा सुटला आणि पोर हजर. नव्या बुटांची नाडी बांधत होतं.

चहा मास्टरनं दोन्ही ग्लास खाली ठेवले. “आता कशाला रे?”

“रविवार आहे. लाँग रन.”

“किती?”

“तंजावरपर्यंत. पंचवीसएक किलोमीटर. येताना बसनं येईन.”

मास्टर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. पोलीस नाही, आर्मी नाही, ओडी नाही, अंडी नाहीत. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखा तो आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला एक पुडा घेऊन आला.

“माझ्या बहिणीकडं देशील? जुन्या बसस्टँडच्या मागंच राहते. मुरुक्कू आहे.”

तीन वर्षांत पहिल्यांदाच गावाला त्या धावण्याचा काहीतरी उपयोग सापडला होता. पोर जागच्या जागी पाय उडवत होतं, घड्याळ चालू होतं. त्यानं पुड्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “वजन किती?”